कुलूप कुणी उघडलं?

नुमानला दफन करून दोन दिवस झाले, तरी त्याचा आवाज परवीनच्या मोबाइलमधून बोलत होता.

"पुसे एल कांदादो. लो आब्रिओ."

चाकणच्या कारखान्यात नुमान प्रेस मशीनच्या आत दुरुस्ती करत असताना ते अचानक सुरू झालं आणि तिचा हा धाकटा भाऊ चिरडला गेला. त्याआधी त्याने मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या स्पेनमधल्या इंजिनिअरला हा निरोप पाठवला होता. तो इंजिनिअरने आज परवीनला धाडला. ती हिंजवडीत स्पॅनिश शिकवायची. नुमान तिच्याचकडे शिकलेला.

तिने पुन्हा ऐकलं. ती तडक पोलीस चौकीत गेली.

फौजदार विजयश्री म्हणाल्या, "ताई, निरोप आम्हीही त्याच्या मोबाइलवर ऐकलाय. आत असताना मशीन सुरू होऊ नये म्हणून स्विचला त्यानं कुलूप लावलं, मग स्वतःच काढलं. सुपरवायझर शेखरना थोडं स्पॅनिश येतं, त्यांनी अर्थ सांगितला."

"किल्ल्या किती होत्या?"

"दोन. एक नुमानच्या खिशात सापडली. दुसरी शेखरकडे."

"त्यांना बोलवा, मॅडम."

शेखर आला. परवीनने निरोप लावला. भावाचा आवाज खोलीत घुमला तसा शेखरने चेहरा फिरवला.

"अर्थ सांगा, शेखरभाऊ."

"कुलूप लावलं. मग उघडलं."

"कुणी?"

"त्यानंच की!"

परवीन विजयश्रींकडे वळली. "मराठीत 'उघडलं' म्हटलं की कुणी ते कळत नाही. स्पॅनिशमध्ये क्रियापदाचा शेवटच सांगतो, मी की दुसरा कुणी. 'पुसे' म्हणजे मी लावलं. 'मी उघडलं' म्हणायचं असतं, तर 'आब्री' आलं असतं. नुमान 'आब्रिओ' म्हणतोय. म्हणजे 'त्यानं उघडलं'. दुसऱ्या कुणीतरी."

"बोलताना चुकला असेल तर?"

"'पुसे' हे रूप नियमाबाहेरचं, सगळ्यांना चकवणारं. तेही त्यानं बरोबर वापरलंय. साध्या रूपात कसा चुकेल? कुलूप उघडं दिसलं म्हणून त्यानं तक्रार केली, परत लावलं आणि आत गेला. ते पुन्हा उघडलं गेलं. त्याची किल्ली तर त्याच्याच खिशात होती."

विजयश्री हळूच म्हणाल्या, "आणि अर्थ सांगायला आम्ही दुसऱ्या किल्लीवाल्यालाच बसवलं."

शेखर खाली बघत म्हणाला, "माल वेळेत जायचा होता... मला वाटलं, तो बाहेर आलाय."

"कुलूप काढण्याआधी हाक मारली होती?" परवीनने विचारलं.



"नाही," शेखर म्हणाला.