फळ्यावरची व्हर्ना

त्या मंगळवारी सकाळी ट्वायला हॉज एक साधं काम घेऊन सुपरवायझर केंडलच्या काचेच्या केबिनमध्ये गेली. फळ्यावरून एक नाव काढायचं होतं, एवढंच.

ओहायोतल्या त्या गोदामात माल काढणाऱ्या प्रत्येकाच्या कानाला हेडफोन असायचा. यंत्र सांगायचं, "रांग चाळीस." तिथे जायचं, कप्प्यावरचे दोन आकडे मोठ्याने वाचायचे, खोकं उचलायचं आणि "झालं" म्हणायचं. कोणाचा वेग किती, ते भिंतीवरच्या पडद्यावर दिसायचं. त्याला सगळे फळाच म्हणत. गैरहजेरीचे गुण वेगळे. उशिरा आलात तर अर्धा, मध्येच घरी गेलात तर एक, आणि सहा झाले की नोकरी गेली. ट्वायलाचे पाच झाले होते. नवऱ्याचं, मर्लचं, आठवड्यातून तीनदा होणारं डायलिसिस तिच्याच नोकरीच्या विम्यावर चालायचं.

"केंडल, फळ्यावर पहिलं नाव अजून व्हर्नाचं आहे."

"असणारच! एकशे बारा टक्के. शिका जरा तिच्याकडून."

"अरे, व्हर्ना गेली! तीन आठवडे झाले. रांग चाळीसमध्ये कोसळली. बाकीच्यांचं काम थांबू नये म्हणून तूच तिच्याभोवती खोकी रचायला लावलीस."

केंडलने संगणकावर व्हर्नाचा आकडा पुन्हा पाहिला. तो काही दुष्ट नव्हता. त्याला माणसं दिसायचीच नाहीत, फक्त आकडे दिसायचे.

"नावं वरचं ऑफिस काढतं," तो म्हणाला. "आणि वेग राखणाऱ्याचं नाव ते काढत नाहीत. आपण एक कुटुंब आहोत, ट्वायला. तुझे एक्क्याऐंशी टक्के आहेत, तिकडे बघ."

ट्वायलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मर्ल आठवला आणि ती निमूट कामाला लागली. सकाळपासून तिचा डावा खांदा भरून आला होता. त्याचं खापर तिने खोक्यांवर फोडलं.

दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी यंत्राने तिला रांग चाळीसमध्ये पाठवलं. छताच्या काचेतून लख्ख ऊन पडलं होतं, तरी तिथे गार वाटत होतं. पेपरमिंटच्या गोळीचा वास आला. आकडे ओरडून व्हर्नाचा घसा बसायचा, म्हणून ती दिवसभर त्या गोळ्या चघळायची.

मांडणीच्या पलीकडून कोणीतरी बसक्या आवाजात वाचत होतं.

"चार... सात... झालं. नऊ... दोन... झालं."

"कोण आहे?" ट्वायलाने विचारलं.

वाचन थांबलं. मग तोच आवाज तिच्या हेडफोनमध्ये आला, अगदी कानाशी.

"खांदा दुखतोय ना, ट्वायला...? माझाही दुखत होता. माझे साडेपाच झाले होते... म्हणून मी घरी गेले नाही."

ट्वायलाने हेडफोन काढला. ती भिंत धरत दाराकडे निघाली. केंडल मागून ओरडला, "सहावा गुण लागेल हं!"

"लाव," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

दवाखान्यात हृदयविकाराचं निदान झालं आणि तिच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवली. तासभर उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. ट्वायलाला त्याचं काहीच वाटलं नाही. नोकरी गेली, विमा गेला, आता मर्लचं कसं होणार, या काळजीने ती रडत राहिली.

आठ दिवसांनी गोदामाचं पत्र आलं. ती घरी पडूनच होती. मर्लने मोठ्याने वाचलं, "अभिनंदन, ट्वायला हॉज! या आठवड्यात एकही गैरहजेरी नाही. वेग एकशे तेरा टक्के. विम्यासह सर्व सवलती चालू राहतील."

"त्यांची चूक झालीय," ती म्हणाली. "कळवायला हवं."

मर्लने पत्राची घडी घातली. तो आपल्या दंडावरच्या पट्टीकडे बघत बसला. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याला डायलिसिसला जायचं होतं. ट्वायलाने फोन हातात घेतला आणि परत ठेवून दिला.

"एक विचारू?" मर्ल हळूच म्हणाला. "रोज दुपारी तुझा डोळा लागतो ना... तेव्हा 'चार... सात... झालं' असे ते आकडे कसले म्हणतेस गं?"

ट्वायलाने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण घसा पार बसला होता. तोंडात पेपरमिंटची चव होती, आणि तसली गोळी त्या घरात कधीच आली नव्हती.