हसरा कौल

"ओ मावशी, फेरीबोटीचा धक्का कुठल्या बाजूला?"

सिउलानने भुईमुगाच्या शेंगांची टोपली जमिनीवर आपटली. तैवानजवळच्या फंगहूच्या बेटांवर वारा असा, की बाया डोळे तेवढे उघडे ठेवून सगळं तोंड फडक्यात गुंडाळतात. म्हणून काय सव्वीस वर्षांच्या मुलीला मावशी म्हणायचं?

"मावशी कुणाला म्हणतोस रे? तुझ्या आईची बहीण दिसते का मी?"

तो गडबडला. मग त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं... आणि पाहतच राहिला.

"चुकलो. पण चेहरा झाकलेला, मग वय कशावरून ओळखायचं?"

"आवाजावरून."

"तो तर आत्ता ऐकला," तो हसला. "आता वरचेवर ऐकायला यावं लागेल."

त्याचं नाव बुनहाय. मोठ्या बेटावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. आणि खरंच यायला लागला की हा पठ्ठ्या! कधी शेंगा घ्यायला, कधी टोपली उचलून द्यायला, आणि प्रत्येक वेळी मुद्दाम, "काय मावशी, बरं आहे ना?" फडक्याआड सिउलानला हसू आवरायचं नाही. जमिनीवर काम करणारा माणूस, म्हणून तिने मनाला मोकळं सोडलं होतं. कारण ती तीन वर्षांची असताना तिचा बाप मासेमारीला गेला, तो परत आलाच नाही. दर्यावर्दी नवरा करायचा नाही, हे तिने केव्हाच ठरवलं होतं.

आणि या उन्हाळ्यात बुनहायने मासेमारी बोटीवर इंजिन सांभाळायची नोकरी धरली. त्या दिवसापासून ती रोज पहाटे उठून आधी वारा बघायची.

"पाच दिवसांनी परत येतो," निघताना तो म्हणाला होता. "तेव्हा सांग... लग्न करशील की नाही ते. आणि फडकं सोडून सांग हं, म्हणजे खोटं बोललीस तर कळेल."

आज पाचवा दिवस. बोट सकाळीच यायची होती. दुपार झाली. वाऱ्याबरोबर समुद्राचे तुषार उडून शेतांवर खारा पाऊस पडत होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. शेवटी सिउलान दर्यावरच्या माणसांना सांभाळणाऱ्या मात्सू देवीच्या देवळात आली आणि कौलाचे दोन लाकडी तुकडे ओंजळीत घेऊन गुडघ्यांवर बसली. अर्ध्या चंद्रासारखे तुकडे, एक बाजू सपाट, एक फुगीर. एक सपाट, एक फुगीर पडला की देवी 'हो' म्हणाली. दोन्ही फुगीर पडले तर 'नाही'. आणि दोन्ही सपाट पडले, तर देवी हसली, म्हणजे प्रश्नच नीट विचारला नाही. 'हो' सलग तीनदा आला, की कौल पक्का.

"तो दर वेळी सुखरूप परत येईल ना? शब्द दे मला," ती पुटपुटली.

दोन्ही सपाट. तिने पुन्हा टाकले. दोन्ही सपाट. तिसऱ्यांदा टाकले... आणि पुन्हा सपाटच!

"काय गं मागितलंस, ती एवढी हसायला?"

मागे आई उभी होती. सहासष्ट वर्षांची किमहोआ, आयुष्यभर कालवं फोडून बोटं चिरलेली. सिउलानने रडत रडत प्रश्न सांगितला.

"अगं वेडे, देवी आहे ती. विमा कंपनी नव्हे!"

"आई, चेष्टा नको. मला भीती वाटतेय."

आई तिच्याशेजारी बसली.

"तुझ्या बाबांबरोबर मला चार वर्षं मिळाली," ती म्हणाली. "लोक म्हणतात, चारच! मी म्हणते, चार! पण त्यातलं पहिलं मी वाया घालवलं. तो समोर बसून जेवायचा, आणि मी उद्याच्या वाऱ्याची काळजी करत बसायची. कसं हसायचा, काय बोलायचा, त्या वर्षातलं मला काही आठवत नाही. मला देवीकडून फक्त ते एक वर्ष परत हवंय गं."

सिउलानने आईचा हात घट्ट धरला. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं; तिला असं रडताना सिउलानने कधी पाहिलं नव्हतं.

"पण मग भीती गेली कशी?"

"कुठे गेली? भीती म्हणजे घरातली सासू. तिला जेवायला वाढायचं, पण किल्ल्या द्यायच्या नाहीत. आणि ऐक, नवऱ्याशी भांडायचं असलं तर आधी भात, मग भांडण. उपाशीपोटी माणूस नको ते बोलतो." आईने डोळे पुसले. "चल, आता नीट विचार. तुझं तू विचार, त्याचं नको."

सिउलानने तुकडे उचलले. "मी घाबरतच राहणार आहे," ती देवीला म्हणाली. "तरी हो म्हणू?"

एक सपाट, एक फुगीर. तिने पुन्हा टाकले. एक सपाट, एक फुगीर. तिसऱ्यांदा तिने हात उचलला आणि बाहेर कुणीतरी ओरडलं, "बोट आली! बोट!"

धक्क्यावर बाया दाटीने उभ्या होत्या, सगळ्यांची तोंडं गुंडाळलेली. बोट दुसऱ्या बोटीने दोर लावून ओढून आणली होती. बुनहाय उतरला तो तेलाने काळा झालेला, एका हाताला चिंधी बांधलेली. तो एकेका बाईच्या डोळ्यांत पाहत पुढे येत होता. तिच्यापुढे आला आणि थांबला.

"काय मावशी..." त्याने नेहमीसारखी सुरुवात केली, आणि अर्ध्यातच सोडली. "इंजिन बंद पडलं होतं. फार घाबरलो गं मी."

तिने गाठ सोडली. वाऱ्याने फडकं हातातून ओढून नेलं. डोळे सुजलेले, नाक लाल, गालांवर खाऱ्या पावसाचं मीठ.

"मी पण घाबरले," ती म्हणाली. "पुढच्या वेळीही घाबरेन... दर वेळी. चालेल?"

"म्हणजे — हो?"

"हो."

त्याने चिंधी बांधलेल्या हाताने तिच्या गालावरचं मीठ पुसलं. मग हळूच विचारलं, "देवीला विचारलंस?"

"विचारलं. दोनदा हो म्हणाली."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा विचारायला मी थांबलेच नाही."