बंद पाठीचा हेडफोन

मोहियोद्दीनचा मेहुणा बोटीवर कामाला. बहात्तर साली सुट्टीवर येताना त्यानं दोन हेडफोन आणले, आणि मोहियोद्दीन ते घेऊन तडक गहिनीनाथच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात आला. "गहिनीभाऊ, एक ठेवायचा, एक विकायचा. कुठला ठेवू ते तुझ्या कानानं सांग," म्हणाला. संगमनेरात या कानाला मान होता. रेडिओ खोलायच्या आधी नुसत्या खरखरीवरून गडी त्याचं दुखणं सांगायचा.

एक हेडफोन अगदी हलका, पाठीला जाळी आणि कानाला स्पंज. दुसरा चांगला वजनदार, पाठ घट्ट बंद, कानाभोवती जाड गाद्या. गहिनीनाथनं दोन्ही घरी नेले. घरी स्पूलचा टेपरेकॉर्डर होता आणि त्यावर बायकोचं, मनकर्णाचं गाणं भरलेलं होतं. तिच्या माहेरचं, राजूरकडचं, भातलावणीच्या वेळी म्हणतात ते.

दुपारी जेवण झाल्यावर त्यानं आधी उघड्या पाठीचा लावला. आवाज कसा मोकळा, मनकर्णा समोर बसून गातेय असा. पण मोरीत ती भांडी घासत होती, तेही आत येत होतं. मग बंद पाठीचा लावला. भांडी गप्प झाली. गाणं खोल, ठसठशीत. ओळ संपल्यावर ती श्वास घ्यायची तोसुद्धा कळत होता. आणि त्या गाण्याखाली कुणी पुरुष हलकेच तिच्या सुरात सूर मिसळून गुणगुणत होता.

गहिनीनाथनं टेप थांबवली. वायर तपासली, हेड पुसलं, पुन्हा लावली. उघड्यात मनकर्णा एकटी. बंदमध्ये दोघं.

गाणं भरलं तेव्हा दाराला कडी होती आणि घरात हे नवराबायकोच. त्याचा स्वतःचा सूर म्हणाल तर आरतीतसुद्धा लोक त्याला टाळ देऊन गप्प बसवायचे.

"मने, गाणं भरताना इथं कोण होतं?"

"तुमीच की. आनखी कोन आसनार?"

त्यानं हेडफोन तिच्या कानांवर चढवला. ती ऐकत राहिली. डोळे मिटले. मग असं काही हसली की लग्न झाल्यापासून त्यानं ते हसू पाहिलं नव्हतं.

"लई ग्वाड सूर लावतोय," ती म्हणाली.

"कोण?"

"मला काय ठावं?"

गहिनीनाथच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्या दिवसापासून घरातलं आवरलं की मनकर्णा तो जड हेडफोन घालून चटईवर बसायची. कधी मान डोलवायची, कधी लाजून पदर सारखा करायची. चुलीवर आमटी करपायची. मोहियोद्दीननं विचारलं तेव्हा गहिनीनाथ फाडकन म्हणाला, "उघडा ठेव, बंद विकून टाक." पण विकायला तो तिच्या हातून सुटायला हवा ना! एकदा त्यानं युक्तीनं उघडा पुढे केला. तिनं लगेच काढून ठेवला.

"ह्यात त्यो येत न्हाई," ती म्हणाली. "वारं लागतंय जनू."

आता भांडायचं तरी कुणाशी? माणूस असता तर गचांडी धरून प्रवरेत बुडवला असता. दुकानात हातात डाख द्यायची तापलेली कैया आणि डोक्यात एकच, आत्ता ती त्याच्याजवळ बसली असेल. समोरच्या गिऱ्हाइकाचं त्याला ऐकूच यायचं नाही.

शेवटी एका सकाळी ती बाजाराला गेली तेव्हा त्यानं दाराला कडी लावली, टेप सुरुवातीपासून लावली आणि भरायचं बटण दाबलं. तिच्या गाण्यावर आपला आवाज भरला. मनकर्णा. ए मनकर्णा. अगं मनकर्णा. संसारात इतक्या मायेनं त्यानं तिला एकदाही हाक मारली नव्हती. स्पूल संपेपर्यंत हाका मारत राहिला.

मग दोन्ही हेडफोनांवर ऐकून पाहिलं. गाणं पुसलं गेलं होतं, दोन्हींत फक्त त्याच्याच हाका होत्या. त्याला बरं वाटलं.

दुपारी ती चटईवर बसली. तो समोर बसून बघत होता.

टेप फिरू लागली. ती हसली. आपल्यासाठी हसली, असं त्याला वाटलं.

मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"काय झालं?"

तिनं एका कानावरची गादी उचलली. "त्यो हाय. पर मदीच कुनी परका मानूस माज्या नावानं हाका मारतोय."

"अगं, तो माझा आवाज आहे."

दारात आलेल्या अनोळखी माणसाकडे पाहावं तसं तिनं त्याच्याकडे पाहिलं. गादी पुन्हा कानावर बसवली, दोन्ही हातांनी दाबून धरली.

"मनकर्णा," तो म्हणाला.

तिनं मान वर केली नाही. चटईवर जरा सरकून शेजारी जागा केली आणि त्या रिकाम्या जागेकडे वळून हळूच म्हणाली,

"बगा, आला परत."