बाईंची बाही

सायकलच्या कॅरिअरला बांधलेली पत्र्याची पेटी पाहून नलूनं त्याला कुल्फीवाला समजून शाळेच्या फाटकातच अडवलं. "आत्ता वर्ग सुरू हाय. मधल्या सुट्टीत येजो."

तो मुकाट्यानं लिंबाखाली उभा राहिला, आणि मधल्या सुट्टीत पेटीतून कापूस, गोळ्या आणि सरकारी पत्र काढत म्हणाला, "कुल्फी त नाई जी, पण हे चालते काय पाहा." तो श्रावण, शाळाशाळांतून पोरांची कुष्ठरोगाची तपासणी करणारा. नलूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सेलूजवळच्या त्या शाळेत, एकोणऐंशी सालच्या त्या उन्हाळ्याच्या तोंडी, हेडमास्तर वासुदेवरावांनी बेतच तसा आखला होता. दर मंगळवारी आधी नलूबाईंनी आरोग्याचा धडा घ्यायचा, मग श्रावणनं एकेक वर्ग तपासायचा. बधिर डाग लपवू नका, गोळ्यांनी तो बरा होतो, असं नलू किती छान समजावून सांगायची! श्रावण मागच्या बाकावर बसून ऐकायचा… म्हणजे ऐकायचा कमी, बघायचा जास्त. आणि मंगळवारीच नलूच्या वेणीत अबोली असायची, हेही पोरींच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

पण उन्हं तापली तरी बाईंची बाही मनगटापर्यंत. कारण डाव्या हातावर, कोपराखाली, संक्रांतीपासून बोराएवढा फिकट डाग होता. नलूनं कुणाला सांगितलं नव्हतं. वर्गात धिटाईनं बोलणारी ती घरी दार लावून तो डाग बघायची आणि रडायची. उद्या गावात कळलं तर? आणि त्याला कळलं तर?

पोरांची भीती मोडावी म्हणून आधी गुरुजी-बाईंनी हात दाखवायचे, असा नियम होता. नलूनं दोन मंगळवार टाळले. तिसऱ्या मंगळवारी चौथीतली जिजा भिंतीला चिकटून उभी राहिली. बाही घट्ट धरून म्हणाली, "बाईनं कुठी दाखवलं? बाई दाखवन त मी दाखवीन."

नलू त्या चिमुकल्या मुठीकडे बघत राहिली. ती मूठ तिच्या चांगलीच ओळखीची होती. तिनं बाहीचं बटण काढलं.

श्रावणचा हात क्षणभर थांबला. मग त्यानं कापसाची बारीक वात वळली. "डोळे मिटा. जिथं लागन तिथं बोट ठेवा."

"इथं," नलू म्हणाली. "…इथं." स्पर्श इतका हलका, तरी तिला तो कळत होता — जरा जास्तच कळत होता. "इथंबी… पोरांले त तीनदाच लावता न?"

"खात्री करून राह्यलो."

पोरी फिदीफिदी हसल्या. त्यानं विचारलं, "इथं कधी भाजलं होतं काय?"

"नाई… दिवाळीत हात मुरगळला, त आईनं बिब्बा लावला. फोड आलते."

"मंग बिब्ब्याचाच डाग हाय बाई. दुसरं काई नाई."

तीन महिने छातीवर ठेवलेला धोंडा एकदम उतरला. नलूला हसू आणि रडू बरोबरच आलं. आणि जिजानं आपली बाही आपणच वर केली. तिचा डाग मात्र बधिर निघाला, पण लहान होता, वेळेत सापडला होता. नलू तिला जवळ घेऊन बसली. गोळ्या घेतल्या की बरी होशील, हे तिनं आज पुस्तकातून सांगितलं नाही.

शाळा सुटल्यावर तो पेटी बांधत होता.

"माहा डाग खराच असता तर?" तिनं विचारलं.

"गोळ्या. दोन-तीन वर्षं. दर महिन्याले मीच आणून देल्या असत्या." दोरीची गाठ काही बसेना. "डाग पाह्यला तवा पेटीत गोळ्या किती हायेत तेच आठवलं… तुमच्यापासून दूर जावं, हे मनातच आलं नाई."

नलूनं बाही कोपराच्या वर दुमडली. मोकळा वारा हाताला लागला, तो किती दिवसांनी!

"शनिवारी जिजाच्या घरी गोळ्या द्यायले येसान न?" ती म्हणाली. "आमचं घर तिच्या शेजारीच हाय. बाबा घरीच असतात… आमच्याकडंबी येजा. या खेपेले फाटकात उभं नाई ठेवणार."