आधी नोकर, मग आई

"ताई, तुमचं कार्ड लावलं की पडद्यावर पोरीचं नावच येत नाही. जरा वर कुणाच्या तरी कानावर घाला ना."

पाळणाघराच्या मावशींनी हे सांगितलं तेव्हा भिंगरीच्या आईच्या एका हातात डबा होता, दुसऱ्या हातात भिंगरी, आणि भिंगरीच्या हातात एकच चप्पल. दुसरी चप्पल शोधता शोधता ती म्हणाली, "दार उघडतंय ना, मावशी? मग झालं तर."

काल दुपारी तेच दार भिंगरीच्या बापासाठी उघडलं.

या बापाने आठ महिन्यांपूर्वी रागाच्या भरात चार वर्षांच्या पोरीचा हात पिळला होता. कोपरापर्यंत प्लास्टर घालावं लागलं. कोर्टाने त्याला पोरीच्या आसपास फिरकायलाही बंदी केली होती.

"पोलीस काय म्हणतात?" टोचणीने विचारलं.

"म्हणतात, बापच घेऊन गेलाय ना, चोर तर नाही. दोन दिवसांत आणून सोडेल." भिंगरीच्या आईचा आवाज फाटला. "दोन दिवस! हात मोडायला त्याला दोन मिनिटं लागली होती."

टोचणी हे काही तिचं खरं नाव नव्हतं. पण खासगी तपासाच्या धंद्यात ती ज्याला प्रश्न विचारी तो खुर्चीत चुळबुळ करू लागे, म्हणून ते चिकटलं. शेजारी दाजी बसले होते, तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, शाळेतले निवृत्त पी. टी. मास्तर. दाजींची अक्कल सावकाश चाले, पण खांदे अजून शाबूत होते.

"सोपं आहे," दाजी म्हणाले. "दारावरच्या बाईने पैसे खाल्ले."

"दाजी, आपण अजून घरातच बसलोय."

"म्हणून तर म्हटलं, वेळ वाचेल."

भिंगरीची आई एकदम उसळली. "मावशींवर एक शब्द बोलू नका! सगळे तेच म्हणताहेत. मला मावशी नकोत, माझी पोर हवी आहे. ती कुठे आहे ते शोधा."

टोचणीने पायात चपला घातल्या. "दार कुणी उघडलं ते कळलं की ती कुठे आहे तेही कळेल. चला."

पाळणाघर भिंगरीच्या आईच्या कचेरीच्याच इमारतीत होतं, तळमजल्यावर. ती वरती हिशेब विभागात. कर्मचाऱ्यांची आणि बाहेरच्याही काही घरांची मुलं इथे दिवसभर राहत.

मावशी बाहेर पायरीवर बसल्या होत्या. सकाळीच त्यांना कामावरून काढलं होतं, तरी घरी गेल्या नव्हत्या. भिंगरीच्या आईला बघताच त्यांनी पदर तोंडाला लावला.

"ताई, शपथेवर सांगते, मी हाताने दार उघडलं नाही. त्याने कार्ड लावलं, पडदा हिरवा झाला, फोटो आला. तरी मी विचारलं, तुम्हाला बंदी आहे ना? म्हणाला, कोर्टाने उठवली, पडद्याला विचारा. आणि आम्हाला वरून सांगितलंय, मावशी, डोकं चालवायचं नाही. हिरवा तर मूल द्यायचं, लाल तर नाही."

"पडद्यावर भिंगरीचं नाव आलं होतं?" टोचणीने विचारलं.

"नाही. पण ते तर ताईंच्या वेळीही येत नाही. बाहेरून जे आईबाप येतात त्यांच्या वेळी मुलाचं नाव, फोटो, सगळं येतं. इथेच नोकरी करणाऱ्यांच्या वेळी नुसता त्यांचा विभाग. मला सगळ्यांचे चेहरे पाठ करावे लागतात."

"काल विभाग कुठला आला?"

"खाली बारीक अक्षरं होती हो. चष्मा आत राहिला होता. हिरवं दिसलं."

दाजींनी टोचणीकडे असं पाहिलं, की बघ, मी काय म्हणत होतो.

संगणक विभागात एक तरुण खुर्चीवर मांडी घालून बसला होता. इमारतीची सगळी दारं त्याच्या ताब्यात. त्याने मान वर न करता सांगितलं, "मॅडम, सिस्टिम खोटं बोलत नाही. बाई बोलते."

"दाखवा तर मग खरं."

त्याने पडदा वळवला. "ही आमची डिरेक्टरी. इमारतीशी संबंध असलेल्या प्रत्येक माणसाची इथे एकच नोंद. हा बघा तुमचा माणूस. प्रकार, पालक. मुलगी, ही. आणि इथे लाल अक्षरात, बंदी. आता सांगा, दार उघडेल?"

नोंदीच्या कोपऱ्यात त्या माणसाचा फोटो होता. केस चापून बसवलेले, करड्या रंगाचा सदरा, मागे सपाट निळं कापड.

"हा सदरा मी कधी पाहिलाच नाही त्याच्या अंगावर," भिंगरीची आई पुटपुटली. "दाखल्याच्या वेळी सगळं मीच भरून दिलं होतं. दोन वर्षं झाली."

"सदऱ्याचं काय घेऊन बसलात?" तो म्हणाला.

टोचणी फोटोकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. "दार ही नोंद वाचतं?"

"थेट नाही. नोंद म्हणजे नुसती माहिती. प्रोग्रॅमला काम करायला ऑब्जेक्ट लागतो. तो बनवायला फॅक्टरी असते."

"माणसाला कळेल असं सांग की रे," दाजी म्हणाले.

"शिंप्याकडे माप जातं, सदरा येतो. नोंद म्हणजे माप, ऑब्जेक्ट म्हणजे सदरा, फॅक्टरी म्हणजे शिंपी. इथे दोन शिंपी रांगेत उभे आहेत. पहिला कर्मचाऱ्यांचा, त्यातच कंत्राटदार. तो म्हणाला, हा माझा माणूस नाही, की नोंद दुसऱ्याकडे, पालकांच्या फॅक्टरीकडे. आणि ती बंदीसकट सगळं उचलते. मीच लिहिलंय ते. त्यात भोक नाही."

"काल या नोंदीत कुणी काही बदललं का, ते पाहिलंत?"

"कशाला? नोंद समोर स्वच्छ आहे. बाईने हाताने बटण दाबलं असणार. मी तसा अहवालही दिलाय."

"अहवाल दिलात!" भिंगरीच्या आईने टेबलावर मूठ आपटली. "माझी पोर रात्रभर कुठे आहे ठाऊक नाही, आणि तुम्ही न बघता अहवाल देऊन मोकळे!"

तो पहिल्यांदा खुर्चीतून पाय खाली सोडून बसला.

कार्ड विभागाच्या प्रमुख बाईंना सगळी इमारत काकू म्हणे. त्यांनी भिंगरीच्या आईला जवळ घेतलं, पाण्याचा पेला पुढे केला, स्वतःच्या रुमालाने तिचे डोळे पुसले. खोली छोटीच होती. एका भिंतीवर निळं कापड ताणून बसवलेलं, त्याच्यापुढे स्टूल, स्टुलासमोर तिकाटण्यावर कॅमेरा.

"माझ्याकडे फक्त कर्मचारी आणि कंत्राटदार," काकू म्हणाल्या. "कार्ड, फोटो, सगळं इथेच. वायरमन, नळवाले यांना एका दिवसाचं कार्ड. संध्याकाळी आपोआप रद्द होतं, नोंदीतूनही उतरतं. पालकांचा नि माझा काडीचा संबंध नाही. तो माणूस काळा की गोरा, मला ठाऊक नाही."

"पालक मात्र येत असतील तक्रारी घेऊन?"

"इथल्याच बायका येतात ना. पडद्यावर मुलाचं नाव येत नाही म्हणून कुरकुर. मी म्हणते, अगं, या इमारतीत तुम्ही आधी नोकर, मग आई. दाराला तसंच दिसतं."

दाजी खो खो हसले. टोचणी हसली नाही.

"काकू, जरा खाली पाळणाघरात येता? त्या संगणकवाल्यालाही बोलावते. मावशींनाही."

पाळणाघरात मोठ्यांची खुर्ची नव्हती. दाजी एका इवल्याशा लाल खुर्चीवर बसले आणि तिच्यासकट उठतात की काय असं वाटू लागलं. मुलांना मागच्या अंगणात नेलं होतं.

"तुमचं कार्ड लावा," टोचणी भिंगरीच्या आईला म्हणाली.

पडदा हिरवा झाला. तिचा फोटो, नाव, खाली हिशेब विभाग.

"हिची एकच नोंद. तिच्यात दोन्ही प्रकार आहेत, कर्मचारी आणि पालक. मग भिंगरी कुठे गेली?"

संगणकवाला म्हणाला, "पहिल्या फॅक्टरीने ओळखलं की ऑब्जेक्ट तयार. दुसरीपर्यंत जायची गरजच..." तो थांबला.

"बोला की."

"गरजच पडत नाही."

"पहिला शिंपी आपल्या कामापुरतंच माप घेतो. फोटो, विभाग, कार्डाची मुदत. मूल त्याच्या मापात नाही. आणि जे मापात नाही ते सदऱ्यात येत नाही. बंदी त्याच्या मापात आहे?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"म्हणजे त्या बापाला एका दिवसापुरतं कंत्राटदार केलं की झालं. नोंदीत बंदी लाल अक्षरात तशीच राहील, आणि दार तिच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. मावशी खरं बोलत होत्या. नोंदही खरी होती. संध्याकाळी कंत्राटदारकी आपोआप उतरली, नोंद पुन्हा धुतल्या तांदळासारखी."

"मग पुरावा काय राहिला?" दाजींनी विचारलं.

"फोटो. मुदत संपते ती कार्डाची, फोटोची नाही. नवा फोटो जुन्याच्या जागी बसला आणि तिथेच राहिला. दाखल्याचा फोटो भिंगरीच्या आईने दिला होता, आणि आज नोंदीत आहे तो तिने कधी पाहिलाच नाही. त्यात मागे निळं कापड आहे. या इमारतीत निळं कापड एकाच भिंतीवर आहे, काकू, आणि कॅमेऱ्यामागे तुम्ही असता. ज्याला तुम्ही कधी पाहिलं नाही तो तुमच्या स्टुलावर बसला कसा? दाराला काय दिसतं हेही तुम्हाला पक्कं ठाऊक. तुम्हीच सांगितलंत, आधी नोकर."

संगणकवाला आपल्या यंत्राकडे धावला. "काल कुणी हात लावला ते आता बघतो..."

"राहू दे," काकू म्हणाल्या. आवाज थंड होता. "माझ्यासमोर लहान मुलासारखा रडला तो. बाप आहे शेवटी. पोरीला बाप नको? आजकालच्या मुलींना जरा काही झालं की कोर्ट."

भिंगरीची आई उठली. ती काकूंच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

"काकू, भिंगरीच्या प्लास्टरवर फूल तुम्ही काढलं होतं. तुमच्या निळ्या पेनाने. ती तुमच्या मांडीवर बसली होती."

"तो म्हणाला, ती पडली होती."

"आणि मी काय म्हणाले होते?"

काकूंनी नजर वळवली.

"मी तुम्हाला सांगितलं होतं ना! त्याच मांडीशेजारी बसून सांगितलं होतं! त्याचं ऐकलंत, माझं नाही! पोर कुठे आहे?"

"माझ्या भाचीचा फ्लॅट रिकामा आहे," काकू पुटपुटल्या. "किल्ली दिली. दोनच दिवस म्हणाला."

मावशी सगळ्यांच्या आधी दाराबाहेर पडल्या होत्या.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. दाराला बाहेरून कुलूप. आतून आवाज नाही. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ वर्तमानपत्र हातात घेऊनच जिन्यात आले.

"कोण हवंय? हां, ती मुलगी. सकाळी फार रडत होती हो. मग थांबली. म्हटलं, झोपली असेल. काल बाप होता की बरोबर."

दाजींनी त्यांना एका हाताने बाजूला केलं आणि खांदा लावला. तिसऱ्या धडकेला कुलूप कडीसकट निघालं.

भिंगरी दारामागेच जमिनीवर बसली होती, एकटी. ओठ सुकलेले, घसा बसलेला. बाप तिला कोंडून प्रवासाची बॅग आणायला गेला होता. परतला तेव्हा तो जिन्यात दाजींच्या हाती सापडला, आणि पोलीस येईपर्यंत दाजींनी त्याला एक पायरीही उतरू दिली नाही.

आईने भिंगरीला उचललं. भिंगरीने तिच्या कानाशी तोंड नेलं. आवाज जेमतेम निघत होता.

"मी हाका मारल्या. खालच्या आजोबांना पण मारल्या."

खालचे आजोबा वर्तमानपत्राची घडी घालत उभे होते. त्यांनी ती पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

आणि आता तुम्ही, वाचणारे. तुमच्या वर, खाली किंवा भिंतीपलीकडे एखादं लेकरू मघाशी रडत होतं का? आता थांबलंय का? झोपलं असेल, असं म्हणू नका. घरचा मामला आहे, असं तर मुळीच म्हणू नका. हे पान उघडंच राहू दे. उठा, जा, आणि ते दार वाजवा. कुणी उघडेपर्यंत वाजवा.