रांगेतला श्वास

दुपारी दोनला धाकटी चाचणीच्या खोलीत शिरली ती खुशीतच. तीनला डॉक्टर श्वासयंत्र पाहायला येणार होते, आणि यंत्राच्या कागदांवर या वेळी नाव तिचं होतं. ताईचं नव्हतं.

जन्मभर ताईचंच कौतुक. शाळेत ही ‘तिची बहीण’, घरात ‘जरा ताईकडून शीक’, आणि नोकरीतही ताईने प्रोग्रॅम लिहायचा नि हिने तपासायचा. प्रोग्रॅममधल्या दोन कामांना ताईने लाडाने नावं दिली होती, कान आणि हात. कानाने रोग्याचा श्वास टिपून हाताला सिग्नल द्यायचा, हाताने झडप उघडून हवा सोडायची आणि ‘झालं’ असा उलटा सिग्नल द्यायचा. साहेब त्या नावांवरसुद्धा खूश. धाकटीच्या पोटात दुखायचं.

तपासताना तिला एक खोट सापडली होती. सिग्नल म्हणजे पाटीवरची एक रेघ. घाईघाईने दोन श्वास आले की दुसरी रेघ पहिलीवरच पडायची. हात एकच श्वास धरायचा, कान मात्र दोन ‘झालं’ची वाट बघायचा. मग दोघंही एकमेकांसाठी खोळंबून राहायचे आणि झडप बंद ती बंदच.

धाकटी मूग गिळून गप्प बसली. होऊ दे की ताईची डॉक्टरांसमोर फजिती, एकदा तरी!

पण ताईला जुना दमा. आठ तारखेला संध्याकाळी तिला धाप लागली, आणि तिने यंत्राचा मास्क स्वतःलाच बांधून पाहिला. एकटीने. धाकटी शेजारच्या खोलीत चहा पीत होती. दम्याने गेली, असंच सगळे म्हणाले. झडप अडकली असणार, हे फक्त धाकटीला ठाऊक होतं.

नंतर धाकटीने रेघेच्या जागी रांग आणली. जितके सिग्नल येतील तितके मोजून रांगेत उभे, एकही वाया जायचा नाही. कान आणि हात ही नावंही तिने पुसली. तिथे नुसते आकडे टाकले.

तिने यंत्र सुरू केलं. मास्क हुकला लटकत होता. पडद्यावर रांगेत शून्य हवं होतं. एक दिसत होता.

टक... फुस्स. झडप आपोआप उघडली, मिटली. एक तसाच.

तिने श्वास टिपणाऱ्या सेन्सरची वायर उपटली. यंत्र बंद करून पुन्हा लावलं. टक... फुस्स. खोलीत निलगिरीच्या तेलाचा वास येऊ लागला. ताई रुमालावर लावायची, तसला. धाकटीने त्या सिग्नलची नोंद उघडली.

पाठवणारा : कान. वेळ : आठ तारीख, पाच वाजून बारा मिनिटं.

“ताई...” ती पुटपुटली. “मला नव्हतं गं वाटलं, तू स्वतःच...”

दार उघडलं. साहेब होते. “झाली का तयारी? आणि हे बघ, डॉक्टर विचारतीलच. ताईच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये काही खोट होती का? तुला काही आढळलं होतं?”

झडपेचा आवाज थांबला. कुणीतरी उत्तर ऐकायला श्वास रोखून धरावा, इतकं शांत झालं. खरं बोलायचं असेल तर आत्ताच, हे तिला कळत होतं.

“नाही... मला तरी नाही आढळली.”

पडद्यावरचा एक गेला आणि दोन आला. साहेबांचं तिकडे लक्ष नव्हतं.

“बरं. मग डॉक्टरांसमोर मास्क तूच बांध. अर्थात, भीती वाटत असेल तर राहू दे. ताई असती तर तिने बेधडक बांधला असता.”

मेल्यावरही ताईच! धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. भीतीसुद्धा त्यात जळून गेली. “मीही बांधते. आत्ता बांधते,” ती म्हणाली, आणि तिने हुकवरून मास्क ओढला.

मास्क आतून ओला होता. त्यावर वाफ धरली होती, आणि तो कोमट होता. तरीही तिने पट्टा डोक्यामागे आवळला आणि श्वास घेतला.

रांगेत तीन झाले. झडप उघडली नाही. तिच्या आधी ताईचे दोन होते.