खाऱ्या पाण्याला फेस येत नाही

दाढीचा कडक साबण आणल्या आणल्या वापरायचा नसतो. कागद काढायचा, वडी चादरींच्या पेटीत दोन चादरींच्या मध्ये ठेवायची आणि एक हिवाळाभर तिला विसरून जायचं. आतली ओल उडाली की वडी टणक होते, आणि टणक वडी दुप्पट पुरते. चादरींना वास लागतो तो फायदा वेगळाच. मग ती दाढीच्या मगात बसवायची. वापरून झालं की मगातलं पाणी ओतून टाकायचं, तो मग तिरका ठेवायचा, झाकण घालायचं नाही. लग्नाआधी सात वर्षं मी हॅलिफॅक्स शहरातल्या एका औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी होते. हे सगळं पुरुषांना इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही सांगेन. एक गोष्ट मात्र तिथे कुणी विचारली नाही, कारण शहरात ती लागतच नाही. समुद्राच्या पाण्यात हा साबण फेस धरत नाही. कितीही घासा, नुसता फाटतो.

लग्न होऊन मी हर्मन्स कोव्ह या खाडीवरच्या कोळीगावात आले. माझा नवरा ईनॉस शिडाच्या जहाजावर कॉड मासे धरायला जायचा, मार्चपासून सप्टेंबरपर्यंत तीन खेपा. जहाजावर प्यायचं पाणी मोजून मिळायचं, त्यामुळे दाढीचं नाव कुणी काढत नसे. परत येताना सगळे अस्वलं होऊन यायचे. पहिल्या खेपेहून आल्यावर त्याने मला दारातच जवळ घेतलं आणि माझा गाल दोन दिवस लालेलाल राहिला. तेव्हा मी नियम केला की दाढी केल्याशिवाय स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडायचा नाही.

त्याचा मग, ब्रश आणि वस्तरा मागच्या पडवीत फळीवर असायचा. खाडीच्या तोंडाशी जहाज दिसलं की मी वडीवर चमचाभर कोमट पाणी घालून ठेवायचे, म्हणजे ती वरून नरम पडते. शेजारी भांड्यात गरम पाणी. ते नेहमी मीच ठेवायचे, सासूबाईंनासुद्धा हात लावू देत नसे. तो पडवीत दाढी करायचा आणि ब्रशच्या दांड्याने दारावर दोनदा वाजवायचा. मी दार वीतभर उघडून हात बाहेर काढायचे आणि बोटांची मागची बाजू त्याच्या गालावरून फिरवायचे. डाव्या जबड्यावर गळ लागून पडलेली एक खाच होती. तिथे केस हमखास राहायचे, म्हणून तिथे दोनदा. मग मी म्हणायचे, "ये आत."

इतकं करूनही डाव्या कानाखाली थोडा फेस तो विसरायचाच, आणि तो माझ्या गालाला लागायचा. सासूबाई ॲप्रनच्या टोकाने पुसत म्हणायच्या, "बाई नवऱ्याला पास केल्याशिवाय घरात घेत नाही, पण शिक्का बसतो तो हिच्याच गालावर."

एकतीस सालच्या तिसऱ्या खेपेला तो परत आला नाही. ऑगस्टमध्ये धुकं उतरलं तेव्हा तो आणि त्याचा जोडीदार होडी घेऊन गळांच्या दोऱ्या ओढायला गेले होते. जहाजावरून दोन दिवस घंटा वाजवत राहिले असं कप्तान म्हणाला. आम्हाला हे कळलं ते सप्टेंबरअखेर, जहाज आल्यावर. मी शिडं बघितली, वडीवर पाणी घातलं, किटली चढवली, आणि मग झेंडा अर्ध्यावर दिसला. कुणाच्या घरचा माणूस गेला, ते ठाऊक नव्हतं. कप्तान आमच्याच फाटकाशी थांबला.

वडी तीन दिवस तशीच भिजत पडली. चौथ्या दिवशी मी ती वाळवून मग जागच्या जागी ठेवला. फेकून देणं काही मला जमलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात फ्रीमन झिंकने मला लग्नाचं विचारलं. तीन घरं सोडून राहायचा, पिंपं बनवायचा, बायको मार्था जाऊन पाच वर्षं झाली होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी या वेळी पाय कायम जमिनीवर असणारा माणूस बघितला. फ्रीमन रोज सकाळी दाढी करायचा, आणि त्याच्या अंगाला ओकच्या लाकडाच्या भुशाचा वास यायचा. मला तो मनापासून आवडला होता, हे मी कुणापासून लपवलं नाही. ऑक्टोबरचा पहिला शनिवार ठरला. लग्नानंतर तो आमच्याकडेच येणार होता, कारण सासूबाईंना एकटं टाकणं मला शक्य नव्हतं. सासूबाई ना हो म्हणाल्या ना नाही. लग्नाच्या केकसाठी मनुका मात्र त्यांनीच निवडायला घेतल्या.

सप्टेंबरच्या मध्यावर धुकं आलं आणि बसलं ते बसलंच. त्या सोमवारी सकाळी मी लाकडं आणायला पडवीत गेले, तर मगात पाणी होतं.

वर्षभर वाळलेली वडी हस्तिदंतासारखी असते, बारीक चिरा पडलेल्या. ही वर ओली होती, आणि तिच्यावर फाटलेल्या दुधाच्या गोळ्यांसारखा पांढरा चोथा साचला होता. ब्रश ओला होता. मला वाटलं सासूबाई, म्हातारपण, मुलाची आठवण. मी सगळं धुतलं, पुसलं, वाळवलं. मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारी मी तो चोथा जिभेला लावून बघितला. खारट होता.

कुणीतरी समुद्राच्या पाण्याने फेस करायचा प्रयत्न करत होतं. एकदा दोनदा नाही. मधोमध घासून घासून खळगा पडला होता. मी विणायची सुई उभी धरून खळगा मोजला आणि नखाने खूण केली. गुरुवारी खूण जवाच्या दाण्याएवढी वर गेली होती.

फ्रीमनला सांगितलं तर तो आधी हसला. मग माझं तोंड बघून हसायचा थांबला.

"मनी वसे ते स्वप्नी दिसे, लेना. लग्न तोंडावर आलंय. मलाही माझी मार्था दिसते कधी कधी."

"स्वप्नात साबण झिजत नाही," मी म्हटलं.

त्याने दोन्ही हातांनी मग उचलला, वास घेतला आणि खाली ठेवला. माणूस शहाणा होता, उगाच वाद घातला नाही. पडवीच्या बाहेरच्या दाराला त्याने आतून नवी कडी ठोकली, खिडकीला खिळे मारले. आता पडवीत यायचं तर आमच्या स्वयंपाकघरातूनच. दुसऱ्या दिवशी कडी जागेवर होती, खिळे जागेवर होते, जमीन कोरडी होती. साबण फाटलेला होता.

आणि स्वयंपाकघराच्या दारावर, पडवीच्या बाजूने, एक पांढरट डाग होता. पंजाएवढा, मिठाचा, कडेला ओलसर. मी दाराला टेकून उभी राहिले तर तो माझ्या कपाळाच्या वर येत होता. ईनॉस जिथे गाल टेकून माझी वाट बघायचा, बरोबर तिथे.

मी तो पुसला. दुसऱ्या दिवशी तो परत तिथेच होता.

सासूबाई शेगडीजवळ बसून बटाटे सोलत होत्या. मी विचारायच्या आधीच त्या बोलल्या.

"नियम तूच घातलास ना? बिचारा पाळतोय."

"आई, असं बोलू नका."

"त्याच्याकडे गोडं पाणी कुठून असणार? भांडंभर ठेवलं तर तुझं काय जातं?"

"मग पावसाचं पिंप आहे की बाहेर, काठोकाठ भरलेलं. घेत का नाही तो?"

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. "तू कधी त्याला स्वतः घेऊ दिलंस?"

त्या रविवारी मी चर्चमधून परतले तर त्यांनी पिंपातलं पाणी चिनी मातीच्या भांड्यात भरून फळीवर ठेवलेलं. सोमवारी सकाळी भांडं तसंच होतं, वर एक माशी तरंगत होती. शेजारी मगात साबण फाटलेला होता. सासूबाईंनी भांडं उचललं, पाणी बाहेर ओतलं आणि भांडं पालथं घातलं. आईच्या हातचं पाणी तो घेत नव्हता. ते दुखणं मला दिसत होतं, आणि मी काहीही करू शकत नव्हते. खरं तर करू शकत होते. करत नव्हते.

मी भ्यायले होते, हे सरळ सांगते. वर्षभर मी त्या माणसासाठी उशीत तोंड खुपसून रडले होते. पण दाराबाहेर जे घासत होतं, ते आत आल्यावर काय असेल, हे मला माहीत नव्हतं. आणि ते आत आलं तर फ्रीमन कुठे बसणार होता? म्हणून मी सोपं उत्तर काढलं. वडी संपेल. संपली की सगळं संपेल. पेटीतल्या चादरींमध्ये दुसरी वडी होती, पण ती काढायचं कारण नव्हतं. मी रोज सुई टेकवत गेले. बुधवारी खळग्यातून मगाचा तळ दिसला. गुरुवारी नुसतं कडं उरलं, आणि तेही एका बाजूला तुटलेलं.

शुक्रवारी दुपारी केकवर साखरेचा लेप चढवून मी पडवीत गेले. दुसऱ्या दिवशी लग्न. मगात नखाएवढा एक तुकडा होता, आणि ब्रशचे केस मधून तुटून विखुरले होते. इतकं घासलं होतं. दारावरचा डाग आता ताटाएवढा झाला होता.

मला एकदम भरून आलं. हा माणूस माझ्या एका चेष्टेच्या नियमासाठी इतके दिवस दाराबाहेर उभा होता, आणि मी आत बसून साबण मोजत होते.

मी ठरवलं, पाणी द्यायचं. गालावरून हात फिरवायचा. 'ये आत' म्हणायचं नाही. त्याला नीट निरोप द्यायचा.

किटली चढवली. चादरींतली नवी वडी काढली. तुकड्याच्या जागी बसवली, वर चमचाभर कोमट पाणी घातलं. भांड्यात गरम पाणी, खुंटीला टॉवेल. मग दार लावून घेतलं आणि आतल्या बाजूला स्टूल टाकून बसले. बाहेर दुपारचे तीन वाजले होते, पण धुक्यामुळे खिडक्या पांढऱ्या होत्या. सासूबाई माझ्या मागे खुर्चीत होत्या. त्यांच्या विणायच्या सुया वाजायच्या थांबल्या.

बराच वेळ काही नाही.

मग ब्रश. आधी कोरडा, खरखरीत. मग तो आवाज मऊ झाला. फेस धरल्यावर ब्रशचा आवाज जवळजवळ येतच नाही, हे मला इतर कुणाहीपेक्षा चांगलं माहीत आहे.

मग वस्तरा. हळू, वरून खाली. भांड्यात बुडवल्याचा आवाज. पुन्हा.

डाव्या बाजूला तो थांबला, खाचेपाशी थांबायचा तसाच.

दारावर दोनदा वाजलं.

मी उठले. दार वीतभर उघडलं आणि हात बाहेर काढला. बघितलं नाही. बोटांना गाल लागला. थंडगार, विहिरीच्या आतल्या दगडासारखा. गुळगुळीत. मी हात डावीकडे नेला. खाच जागच्या जागी होती, आणि तिथे एकही केस राहिला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्याने दाढी नीट केली होती.

"छान झालीय," मी म्हटलं. पुढचे दोन शब्द मी गिळले आणि हात मागे घेऊ लागले.

"ये आत, पोरा," माझ्या मागून सासूबाई म्हणाल्या.

बोटांखालचा गाल निघून गेला.

मी दार सताड उघडलं. पडवी रिकामी होती. भांड्यातल्या पाण्यावर ईनॉसचे लालसर केस तरंगत होते, वस्तरा मिटवून ठेवला होता, टॉवेल दमट होता. बाहेरच्या दाराची कडी जागेवर होती. मी मागे वळले. स्वयंपाकघरात फक्त सासूबाई होत्या. त्या डोळे मिटून बसल्या होत्या, आणि वर्षभरात मी त्यांचा चेहरा इतका निवांत बघितला नव्हता. मी त्यांच्यावर ओरडले. त्या म्हणाल्या, पोरी, मी तरी किती दिवस बघायचं. मग उठून त्यांनी शेगडीत लाकूड सारलं.

मी सगळं घर फिरले. पेटीतसुद्धा बघितलं. काहीच नव्हतं. रात्री सासूबाईंच्या खोलीत झोपले, त्यांचा हात धरून.

शनिवारी धुकं उठलं होतं. उन्हात खाडी चकचकत होती. मी दोनदा तोंड धुतलं, लग्नाला आलेल्या माझ्या मावशीने केस बांधले, आणि चर्चमध्ये फ्रीमनशेजारी उभी राहिले तेव्हा मला खरोखर हलकं वाटत होतं. पाद्री बोलले, आम्ही बोललो. फ्रीमन माझ्याकडे वळून वाकला आणि मधेच थांबला. त्याच्या चेहऱ्यावर अवघडलेलं हसू होतं.

"साबण राहिलाय तुझ्या गालाला," तो कानाशी पुटपुटला, आणि अंगठ्याने माझ्या डाव्या गालावरून काहीतरी पुसलं.

मी त्याच्या अंगठ्याकडे बघितलं. फेस पांढरा, दाट होता, आणि अजून ओला होता.